धोंडूचा डावा कान

लालबागच्या त्या चाळीत धोंडू परब आणि त्याची बायको सुभद्रा यांचं भांडण आजवर कुणाच्या कानावर आलं नव्हतं. म्हणून ती दोघं भांडत नव्हती असं कुणी समजू नये. चांगली कडाक्याची भांडायची. पण धोंडूची उमेदीची सगळी वर्षं गेली गिरणीच्या साळखात्यात. शेकडो माग एकदम धडधडायला लागले की शेजाऱ्यानं कानाशी येऊन बोंब मारली तरी पोचत नाही, असं ते खातं. तिथं माणसं आवाजानं बोलत नाहीत, ओठांनी बोलतात. समोरच्याचे ओठ हलले की इकडे मजकूर पोचला. लग्नाआधी सुभद्राही त्याच गिरणीत बॉबिन भरायला होती, त्यामुळे ही विद्या तिलाही पक्की. नवराबायकोनं ती घरी आणली आणि भांडणाच्या कामाला लावली.

दारावरून जाणाऱ्याला वाटायचं, काय गोड जोडपं आहे, एकमेकांच्या तोंडाकडे कसं बघत बसलंय. आत सुभद्रा नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असायची. शेजारची जाईबाई एकदा न राहवून म्हणाली, "तुमच्या घरात कसां गो सगळां शांत?"

"वळण लागतं," सुभद्रा म्हणाली, आणि तिकडे धोंडू हसून हसून खोकायला लागला.

एक मात्र होतं. धोंडूच्या पाठीमागं त्याला काही बोलायची सोय होती, आणि डाव्या बाजूनं तर खुशाल बोलावं. डावा कान मागांनी खाल्ला होता. उजवा शाबूत, डावा ठार. हे घरात सुभद्राला आणि पोरीला, ललिताला, ठाऊक होतं. बाहेर कुणाला नाही. रस्त्यानं चालताना सुभद्रा आपसूक त्याच्या उजवीकडे यायची. फक्त तो दाढीला बसला की जपायला लागायचं, कारण समोरच्या आरशात त्याला मागचं सगळं दिसायचं. तेवढ्या वेळात तोंड वेडावायचीसुद्धा चोरी.

मग संप झाला. तो कसा झाला आणि कुणामुळे बुडाला हे सांगायला लालबागेत जिन्याजिन्यावर एकेक माणूस बसलेला आहे, त्याला विचारा. इथं त्याचं दळण नको. धोंडू संपात शेवटपर्यंत राहिला एवढंच सांगायचं. गिरणीचं गेट पुन्हा उघडलं त्या सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. सुभद्रा डबा घेऊन बरोबर गेली, नव्या नवरीसारखी. गेटवरचा भय्या ओळखीचा होता. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला की परब, तुमचं नाव आत नाही. पण तो उभा होता धोंडूच्या डाव्या हाताला. धोंडूला काही कळलं नाही. तो तसाच उभा, आत सोडायची वाट बघत, चेहऱ्यावर हसू. मागून लोक ढकलायला लागले. शेवटी सुभद्रानं त्याच्या समोर येऊन, आवाज न काढता, ओठांनी त्याला सांगितलं. नाव नाही. घरी चला.

त्या दिवसाचा तो चेहरा तिच्या मनातून कधी गेला नाही. गिरणीनं त्याला काढलं, पण ती बातमी त्याला दिली आपल्या तोंडानं, हे तिला फार लागलं होतं. आता यात तिचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. दोष नाहीच. पण मनाला कोण समजावणार.

गिरणी गेल्यावर धोंडू शिवडीच्या एका गोदामात गोण्या मोजून घ्यायच्या कामाला लागला. जाणारा येणारा त्याला 'ए मामा' म्हणायचा. पूर्वी साळखात्यात चार माग एकटा सांभाळणारा धोंडूदा म्हणून त्याला तरणी पोरं वाकून असायची. आता राहिलं होतं ते एकच ठिकाण, जिथं त्याला नावानं हाक मारत, ते म्हणजे टीए.

टीए म्हणजे टेरिटोरियल आर्मी. आठवडाभर आपली नोकरी करायची, सुट्टीच्या दिवशी वर्दी चढवून परेडला जायचं, वर्षातून एकदा कॅम्प करायचा आणि सरकारनं बोलावलं तर सगळं टाकून हजर व्हायचं. धोंडू लग्नाआधीपासून त्यात होता. चाळीतले टगे त्याला 'रविवारचा शिपाई' म्हणायचे. म्हणोत. शनिवारी संध्याकाळी बुटांना पॉलिश करताना तो माणूस जसा दिसायचा तसा आठवड्यात कधी दिसत नसे. तांबूस उजेडात बूट वरखाली करून बघायचा, आणि सुभद्रा भाकरी थापता थापता त्याच्याकडे. संपाच्या दिवसांत घरातलं एकेक भांडं बाजारात गेलं, पण पॉलिशची डबी कधी रिकामी राहिली नाही. ती काळजी तीच घ्यायची.

सत्त्याऐंशी सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली होती आणि तिकडून बऱ्या बातम्या येत नव्हत्या. एका रविवारी धोंडू परेडवरून आला तो वेगळाच. जेवायला बसला, पहिला घास घेतला आणि सुभद्राकडे बघून ओठांनी म्हणाला, मी नाव दिलंय.

कशाला, असं तिनं विचारलं नाही. तिला कळलं.

झालं होतं असं. परेड संपल्यावर कमांडिंग साहेबांनी सगळ्यांना मैदानातच बसवलं. हे साहेबही रविवारचेच. एरवी विम्याच्या कचेरीत बसणारे. ते म्हणाले, वरून विचारणा आली आहे. टीएच्या माणसाला सरकारचा खास हुकूम असल्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि मी हुकूम करायला उभा नाही. जो स्वतःहून येईल त्यालाच घेऊ. जो येणार नाही त्याच्याकडे कुणी वाकडा डोळा करून बघणार नाही, हा माझा शब्द. येणाऱ्याच्या मालकानं त्याला सोडायला हवं आणि परत आल्यावर कामावर घ्यायला हवं, तो कायदाच आहे, मालकाशी मी बोलेन. अंगानं तो धडधाकट हवा. या वेळी मेडिकल कडक होईल, नेहमीसारखं नाही. आणि शेवटचं, घरच्या बाईची तयारी हवी. ती तुमच्या तोंडून मी ऐकणार नाही. बायकोला नाहीतर आईला मेडिकलच्या दिवशी घेऊन या, मी एकेकीला एकटीला विचारीन. आता, कोण तयार आहे?

आणि धोंडू उठून उभा राहिला होता. त्याच्या मागोमाग जयवंत, जाईबाईचा मुलगा. जयवंतला टीएत आणला होता धोंडूनंच.

त्या जेवणाला जे भांडण झालं त्यात आवाज तसा फक्त ताटवाट्यांचा झाला. सुभद्रानं सगळं काढलं. ललिताचं दहावीचं वर्ष, गावचं घर, तिकडे वाटेत पुरलेले सुरुंग, वर्तमानपत्रातले फोटो. धोंडू ऐकत, म्हणजे बघत, राहिला. मग एकदाच त्यानं आवाजात उत्तर दिलं, तेही हळू.

"गिरण सुटल्यापासून माका कोणी इचारल्यान नाय गो, येतंस काय म्हणान. ह्यांनी इचारल्यानी."

ती उठली आणि ताटं उचलायला लागली.

पण मनातून ती हरली नव्हती. तिच्याजवळ एक हुकमाचा एक्का होता, तो म्हणजे डावा कान. मेडिकल कडक होणार म्हणजे कान तपासणारच. आजवर तपासणी व्हायची ती दिखाऊ. छाती फुगव, जीभ दाखव, चल पुढे. या वेळी कान बघितला की धोंडू घरी. देवानंच ठेवलेला कान, ती मनात म्हणाली. शेवटी त्या मेल्या मागांनी एक तरी चांगलं काम केलं. रोज दिवा लावताना ती गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घालायची की बा देवा, माझ्या घोवाक नापास कर, तुका नारळ देतंय. नवऱ्याच्या नापाशीसाठी नारळ बोललेली लालबागेत तीच एकटी असेल.

धोंडूही कानाविषयी चकार शब्द काढत नव्हता. दोघांनाही ठाऊक होतं, दोघंही गप्प. पण दाढी करताना तो हल्ली डाव्या कानाच्या पाळीला हात लावून बघायचा, दुखऱ्या जागेला लावावा तसा. ते बघितलं की त्या दिवशी सुभद्रा गाऱ्हाणं जरा घाईनं उरकायची.

मेडिकलच्या दिवशी ती दोघं, जयवंत आणि जाईबाई असे चौघं निघाले. अँटॉप हिलच्या अलीकडे एका मैदानाच्या कडेला लांबट बैठी बराक होती, तीत सगळा कारभार. बायकांना बाहेर व्हरांड्यात बाकांवर बसवलं होतं. साहेबांकडे एकेकीला बोलावणं यायचं होतं, पण आधी पुरुषांची तपासणी. जाईबाई सारखी पदराशी चाळा करत होती. ती विधवा, जयवंत एकुलता एक. सुभद्रानं तिला विचारलं, "साहेबाक काय सांगतलंस?"

"माका काय ठावक," जाईबाई म्हणाली. "तोंडातसून जां येयत तां."

सुभद्राला मिळाली ती जागा नेमकी मधल्या दारासमोर. दार सताड उघडं. आत लांबच लांब खोली. दारापासच्या टोकाला एक पांढरी रेघ आखलेली, आणि पार दुसऱ्या टोकाला डॉक्टर. कोवळा वाटणारा, चष्मेवाला, कॅप्टनचे तारे लावलेला. रेघेवर जवान उभा राहायचा तो दाराकडे तोंड करून, म्हणजे डॉक्टरकडे पाठ. एक शिपाई त्याचा एक कान बोटानं दाबून धरायचा. मग डॉक्टर तिकडून कुजबुजत शब्द म्हणायचा, आणि जवानानं तो मोठ्यानं परत म्हणायचा. झाला एक कान की दुसरा.

जयवंत आला. दोन्ही कानांनी घडाघडा बोलला. जाईबाईनं डोळे मिटून घेतले, सुटल्यासारखे की बुडाल्यासारखे ते तिचं तिलाच माहीत.

पुढची हाक आली, "धोंडू परब."

तो आला आणि रेघेवर उभा राहिला. समोर दार, दारात बाक, बाकावर आपली बायको. त्यानं तिला बघितलं आणि नजर तिच्या डोक्यावरून पलीकडे लावली. शिपायानं डावा कान दाबला. उजवा कान आधी.

डॉक्टर कुजबुजला. धोंडू म्हणाला, "बयालीस." पुन्हा कुजबुजला. धोंडू म्हणाला, "पटना."

आणि तेव्हा सुभद्राच्या ध्यानात आलं. धोंडूच्या खांद्यावरून तिला डॉक्टरचं तोंड स्वच्छ दिसत होतं. धोंडू शब्द बोलायच्या आधीच तो तिला कळत होता. व्हरांड्यात एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तिच्या बाजूला बसलेल्या बायकांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण ही बॉबिन खात्यातली बाई. खोलीच्या त्या टोकाच्या माणसाचे ओठ वाचणं म्हणजे तिच्या हातचा मळ.

आता डावा कान. तो काही ऐकणार नाही. मी नुसती बसले, अशीच, हात मांडीवर ठेवून, तोंड मिटून, तर सगळं आपोआप होणार. मला काही करायचंच नाही. देवानं गाऱ्हाणं ऐकलं, नारळ फोडायचा आणि घरी जायचं.

शिपायानं कान बदलला. डॉक्टरचे ओठ हलले. नागपूर.

धोंडू गप्प.

डॉक्टर थांबला, पुन्हा म्हणाला. नागपूर.

धोंडू ताठ उभा होता. छाती पुढे, हात शिवणीला, वर्दी कडक, बूट लखलखीत. आणि तोंडावर, सुभद्रानं बघितलं, तोंडावर तेच हसू होतं. गेटवरचं. आत सोडतील म्हणून वाट बघणाऱ्या माणसाचं, ज्याला अजून कळलेलं नाही. तो चेहरा तिला एकदा बघावा लागला होता, आणि त्याच्यावर काळोख पसरलेलाही तिनंच बघितला होता, कारण शब्द तिच्या तोंडचा होता. तो चेहरा दुसऱ्यांदा बघायची तिची छाती होईना. चुलीत गेलं ते गाऱ्हाणं, आणि नारळ गेला खड्ड्यात. या माणसाला पुन्हा एका दारातून परत पाठवायचं, आणि मी समोर दगडासारखी बसून राहायचं?

ती बाकावर पुढं सरकली. धोंडूचे डोळे खाली तिच्याकडे आले. आणि सुभद्रानं आवाज न काढता, ओठ नीट उघडून, मिटून, त्याला सांगितलं. नागपूर.

त्याला पोचलं. वीस वर्षांचा संसार, पोचलं की नाही हे तिला कळत नसेल तर कुणाला कळणार? त्याची भिवई वर गेली. क्षणभर तो तिच्याकडे बघतच राहिला, कारण नको जाऊ म्हणून महिनाभर भांडलेली बाई ही, आणि हिनं हे काय केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं. शब्द त्याच्या जिभेवर होता. उघडायचं तोंड आणि टाकायचा, एवढंच राहिलं होतं.

धोंडूनं तोंड उघडलं आणि म्हणाला, "सर, इस कान से मुझे सुनाई नहीं देता."

डॉक्टर पुढे आला. "थोडा भी नहीं?"

"नहीं सर. बिलकुल नहीं. मिल में गया."

"पहले कभी बताया नहीं?"

"नहीं सर. वो मेरी गलती है."

डॉक्टरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी म्हणाला, आणि धोंडू सॅल्यूट ठोकून बाजूच्या दारानं निघून गेला. रेघेवर दुसरा जवान आला.

सुभद्राला आधी काय आलं असेल तर राग. असा राग की कानशिलं तापली. महिनाभराचं माझं गाऱ्हाणं मी पायाखाली तुडवलं, तुमच्यासाठी, आणि तुम्ही तोंडात दिलेला घास थुंकून टाकलात? मग राग कुठं जाऊन बसला ते तिला कळलं नाही. तिनं डोळे पुसले आणि तशीच बसून राहिली.

थोड्या वेळानं एक हवालदार येऊन बायकांना एकामागून एक आत सोडायला लागला. जाईबाई आत गेली, बाहेर आली. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही, पण ती आता पदराशी चाळा करत नव्हती. सुभद्रा उठली तर हवालदार म्हणाला, "परबबाई ना? तुमचं आता काम नाही. तुमचे मिस्टर बाद झाले. घरी जा."

"बोलवलंय तर साहेबांना भेटून जाईन," सुभद्रा म्हणाली.

"अहो पण आता काय विचारायचंय त्यांना?"

"त्यांना नसेल विचारायचं. मला सांगायचंय."

आणि ती त्याला वळसा घालून आत गेली. साहेबांनी तिला बसा म्हटलं, ती बसली नाही. टेबलापलीकडे केस पिकलेला, शांत माणूस होता. त्यांना बातमी पोचलेली होती. ते म्हणाले, "ताई, परब उत्तम जवान आहेत. पण डॉक्टरांच्या पुढे मला जाता येत नाही. मला वाईट वाटतं."

"ते तुमचं काम तुम्ही केलंत," ती म्हणाली. "तुम्ही बायकोची तयारी विचारणार होतात. ती सांगायची राहिली. माझी तयारी आहे. त्यांचीही होती, माझीही आहे. तुम्ही नेलं नाही, ती गोष्ट वेगळी."

साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनी तिला हात जोडून नमस्कार केला. सुभद्रानंही केला आणि ती बाहेर आली.

जयवंत आणि जाईबाई पुढं निघून गेले होते. ही दोघं वडाळ्याकडून चालत निघाली, धोंडू डावीकडे, ती उजवीकडे, रोजच्यासारखी. परळचा नाका आला. तिथं एका बंद गिरणीच्या भिंतीशी ती थांबली, त्याच्यासमोर उभी राहिली, आणि भर रस्त्यात आवाजानं विचारलं.

"मी सांगितलां तां दिसलां नाय तुमका?"

"दिसलां," धोंडू म्हणाला. "नागपूर."

"मग?"

त्यानं भिंतीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"थंय जयवंत माझ्या डाव्या बाजूक आसतलो," तो म्हणाला. "त्येनां हाक मारल्यान, धोंडूदा, पड खाली, तर माका कोण सांगतला? थंय तू समोर नसतलंस गो. माका ओढूक तोच धावात आणि दुसऱ्याचो पोर मरात."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पुन्हा त्याच्या उजव्या बाजूला आली आणि ती दोघं घरी गेली.

चाळीत बातमी त्यांच्या आधी पोचलेली होती, आणि चाळ ती चाळ. रविवारचा शिपाई सोमवारी परत, असं जिन्यावर कुणी म्हणालं. बहिरा निघाला म्हणे. अहो, बहिरा कसला, ऐन वेळी तंतरली असेल, कान पुढे केला. धोंडू हे सगळं ऐकायचा, निदान अर्धं, आणि हसून पुढं जायचा. शब्दानं त्यानं कुणाला सांगितलं नाही की उत्तर माझ्या जिभेवर होतं. सांगितलं असतं तर सुभद्रानं चोरून सांगितल्याचंही सांगावं लागलं असतं, आणि बायकोला तो तेवढं उघडं पाडणार नव्हता. ती मात्र आतल्या आत जळत होती. पाण्याच्या नळावर बायका काही बोलल्या की हंडा आपटायची.

जयवंतची टोळी निघायची सकाळ उजाडली. ज्यांचं जाणं रद्द झालं त्यांनीही वर्दीत येऊन सामान चढवू लागावं, असं साहेबांनी सांगितलं होतं. धोंडू भल्या सकाळी उठला. शनिवारी केलेलं पॉलिश पुन्हा केलं. शेजारी जाईबाईच्या घरी जाऊन तिला म्हणाला की जयवंत येईपर्यंत मी तुझा जयवंत, काय लागलं तर हाक मार, फक्त उजवीकडनं मार. जाईबाई रडता रडता हसली. मग घरी येऊन तो आरशासमोर दाढीला उभा राहिला.

सुभद्रा मागं चहा गाळत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं. बनियनवरची ती पाठ, गोण्यांनी जरा वाकलेली, आणि खुंटीवर टांगलेली ती कडक वर्दी, जी आज दुसऱ्यांना निरोप द्यायला जाणार होती. जो माणूस जायला एवढा आसुसलेला, तो दुसऱ्यांचं सामान चढवायला दाढी करून निघाला होता, आणि तेही गुणगुणत. सुभद्राला भरून आलं. असलं काही नवऱ्याच्या तोंडावर बोलायची कोकणात रीत नाही, आणि तिला तर मुळीच जमलं नसतं. म्हणून ती हलकेच त्याच्या डाव्या बाजूला मागं जाऊन उभी राहिली, त्या मेलेल्या कानाशी, आणि पुटपुटली.

"तोंडात दिलेलां खरां उत्तर तुमी बोललास नाय, दुसऱ्याचो पोर मरात म्हणान. तुमच्यायेवढो मोठो माणूस मी बघूक नाय. समजलात? बघूक नाय."

आणि डोळे पुसून ती वळणार, तोच तिला आरशात त्याचा चेहरा दिसला. अर्धा फेसानं माखलेला, वस्तरा गालावर थांबलेला, भिवई वर गेलेली. इतक्या वर्षांत ती आरसा विसरली होती ती आजच.

धोंडू वळला नाही. आरशातूनच तिच्याकडे बघत म्हणाला, "मोठ्यान बोल गो. चाळीक आयकाक जाव दे."

तो थट्टा करत होता. सुभद्रानं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला, पदर खोचला, हंडा घेतला आणि ती बाहेर नळावर गेली. तिथं सगळ्या जमलेल्या होत्या. तिनं हंडा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं, मोठ्यानं, नागपूरपासून.